नाममुद्रेविना मजकूर : व्हॉट्सॲपच्या ‘फॉरवर्ड’ सुविधेची चिकित्सा

सारांश

व्हॉट्सॲप या संदेशमाध्यमाने २०१८ पासून फॉरवर्ड केलेल्या मजकुरावर खूण उमटविण्यास प्रारंभ केला. २०२३ मध्ये याच माध्यमाने ‘चॅनेल’ ही सुविधा आणली आणि चॅनेलवरून पुढे पाठविलेल्या मजकुरासोबत मूळ चॅनेलचा दुवाही जाऊ लागला. प्रस्तुत लेखात या दोन व्यवस्थांची चिकित्सा मराठी साहित्यातील नाममुद्रेच्या परंपरेच्या आधारे केली आहे. मजकूर किती हातांतून गेला हे मोजणे आणि तो कोणाचा आहे हे सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची व्यवस्था सर्वांसाठी झाली, दुसरीची मात्र केवळ चॅनेलधारकांसाठी झाली. सामान्य लेखकाचे कर्तृत्व त्यामुळे अरक्षित राहिले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : फॉरवर्ड, नाममुद्रा, कर्तृत्व, पाठचिकित्सा, चॅनेल, प्रथम प्रेषक.

१. प्रस्तावना

मराठी वाचकासमोर दररोज येणाऱ्या मजकुराचा मोठा भाग आज पुस्तक वा नियतकालिक यांतून येत नाही. तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, कोणीतरी पुढे धाडलेला असा येतो. त्यात कविता असतात, व्यक्तिचित्रे असतात, आईवडिलांविषयीचे भावनिक लेख असतात, आरोग्यविषयक सल्ले असतात आणि अफवाही असतात. २७ फेब्रुवारीस, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. त्या दिवशी कुसुमाग्रजांच्या नावे फिरणाऱ्या सर्वच ओळी त्यांच्या संग्रहांत सापडत नाहीत, हा अनुभव मराठीच्या बहुतेक प्राध्यापकांच्या परिचयाचा आहे. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या बाबतीतही हेच घडते. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ मध्ये, पु. लं.चे २००० मध्ये आणि व. पुं.चे २००१ मध्ये झाले. व्हॉट्सॲपचा जन्म २००९ चा आहे. तरीही भ्रमणध्वनीमुळे तुटलेल्या नात्यांवरचे चिंतन त्यांच्यापैकी एखाद्याच्या नावे निःशंकपणे पुढे पाठविले जाते.

या प्रकाराकडे बहुधा करमणुकीचा विषय म्हणून पाहिले जाते. परंतु ज्या लेखकाच्या ओळींवर पु. लं.चे नाव चिकटविले जाते, त्या लेखकाच्या दृष्टीने ही करमणूक नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून लिहिणारी गृहिणी, आश्रमशाळेतील शिक्षक, निवृत्तीनंतर लिहू लागलेला कर्मचारी यांच्या हाती प्रकाशक नसतो, नियतकालिक नसते. त्यांचे लेखन याच मार्गाने वाचकांपर्यंत पोहोचते आणि याच मार्गावर त्यांचे नाव गळून पडते. म्हणून फॉरवर्ड या सुविधेचा विचार केवळ अफवांच्या अंगाने न करता कर्तृत्वाच्या अंगानेही करणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

२. फॉरवर्ड सुविधेचे स्वरूप व तिच्यातील बदल

फॉरवर्ड म्हणजे अग्रेषण. आलेला संदेश जसाच्या तसा दुसऱ्या व्यक्तीस वा गटास पाठविणे एवढाच तिचा मूळ अर्थ. २०१८ च्या मध्यापर्यंत फॉरवर्ड केलेला संदेश आणि पाठविणाऱ्याने स्वतः लिहिलेला संदेश यांत पडद्यावर कोणताही भेद दिसत नसे. काकांनी पाठविलेले वाक्य हे काकांचेच वाक्य वाटे. नात्याचा विश्वास मजकुराला आपोआप लाभत असे.

याचे भीषण परिणाम त्या वर्षी दिसले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा देशाच्या अनेक भागांत पसरल्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरील मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसत होते. ती वस्तुतः पाकिस्तानातील कराची येथील बालसुरक्षाविषयक जनजागृतीसाठी तयार केलेली फीत होती. मूळ फितीच्या अखेरीस मुलाला परत आणून सोडले जाते आणि मुलांच्या सुरक्षिततेचा संदेश लिहिलेला फलक दाखविला जातो. भारतात फिरलेल्या आवृत्तीत हा शेवट कापून टाकलेला होता. म्हणजे फीत कोणाची आणि कशासाठी, हे सांगणारा भाग तेवढा नाहीसा झाला आणि सावध करण्यासाठी केलेली निर्मिती निरपराधांच्या जिवावर उठली. कर्तृत्वाची खूण गळणे ही केवळ साहित्यिक हानी नसते, याचा हा विदारक पुरावा म्हणावा लागेल.

केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने जुलै २०१८ मध्ये कंपनीस समज दिली. त्याच महिन्यात फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तसा शिक्का दिसू लागला. पाठोपाठ भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाच वा अधिक टप्पे ओलांडून आलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसू लागला. एप्रिल २०२० मध्ये, करोना साथीच्या काळात, असा दुहेरी बाणाचा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे बंधन आले. या बंधनानंतर अशा संदेशांचे प्रमाण सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने त्याच महिन्यात सांगितले.

या सर्व बदलांचे सूत्र एकच आहे. पाच ठिकाणे, पाच टप्पे, एकेरी बाण, दुहेरी बाण ही सारी प्रवास मोजण्याची साधने आहेत. मजकूर फार हिंडला आहे एवढे ती सांगतात. तो कोठून निघाला हे सांगत नाहीत.

या मापनातून दोन विसंगती निर्माण होतात. पहिली अशी की, दूरवर पोहोचणे हीच संशयाची खूण ठरते. एखाद्या अज्ञात कवयित्रीची कविता लोकांना मनापासून आवडली, हजारोंनी ती पुढे पाठविली, तर त्या कवितेवर अफवेवर उमटतो तोच दुहेरी बाण उमटतो आणि तिच्या पुढील प्रवासाला तेच बंधन पडते. लोकप्रियता आणि लबाडी यांत भेद करण्याची क्षमता या चिन्हात नाही.

दुसरी विसंगती अधिक सूक्ष्म आहे. मजकुरावर बोट दाबून तो ‘कॉपी’ केला आणि नव्याने चिकटविला, तर त्यावर कोणतीही खूण उमटत नाही. फॉरवर्ड केलेल्या लिखित संदेशातील शब्द बदलत नाहीत. कॉपी करून चिकटविलेल्या संदेशात मात्र पाठविणारा हवा तो फेरफार करू शकतो, लेखकाचे नाव पुसू शकतो, दुसरे लिहू शकतो. अशा प्रकारे जो मजकूर शब्दशः अखंड राहिला त्यावर सावधानतेचा शिक्का बसतो आणि ज्यात ढवळाढवळ झाली असण्याची शक्यता अधिक, तो नव्या कोऱ्या संदेशाच्या वेषात येतो. पाठचिकित्सेच्या भाषेत सांगायचे तर, विश्वासू लेखनिक संशयित ठरतो आणि पोथीत भर घालणारा सुटतो.

३. नाममुद्रेची मराठी परंपरा

हातोहाती आणि मुखोमुखी पसरणाऱ्या मजकुराचा प्रश्न मराठीला नवा नाही. मुद्रणपूर्व काळात बहुसंख्य मराठी कविता याच रीतीने पसरली. त्या काळातील कवींनी कर्तृत्वाच्या रक्षणासाठी वापरलेला उपाय म्हणजे नाममुद्रा होय. तुकारामांच्या अभंगांतील ‘तुका म्हणे’, एकनाथांची ‘एका जनार्दनी’, चोखोबांची ‘चोखा म्हणे’ ही मुद्रा महाराष्ट्रातील निरक्षर श्रोत्यालाही ओळखू येत असे. मध्ययुगात पुस्तकाचे मुखपृष्ठ नव्हते, तरी लेखकाचे नाव प्रत्येक अभंगासोबत कीर्तनात गायिले जात होते.

नाममुद्रेची काही वैशिष्ट्ये येथे लक्षात घ्यावी लागतील. ती बहुधा अखेरच्या चरणात येते आणि छंदात बांधलेली असते. ती काढली तर चरण लंगडा होतो. गाणाऱ्याच्या जिभेलाच ते जाणवते. नाव मजकुराच्या बाहेर, समासात वा मलपृष्ठावर नसल्यामुळे ते सहज गळत नाही. शिवाय ती केवळ नाव सांगत नाही, नातेही सांगते. एकनाथांनी आपल्या नावास गुरू जनार्दनस्वामींचे नाव जोडले. जनाबाईंनी स्वतःस नामदेवांची दासी म्हणवून आपली मुद्रा घडविली. पुढे शाहिरी कवितेत होनाजीने आपला गायक मित्र बाळा याचे नाव आपल्या नावाशी जोडले आणि ‘होनाजी बाळा’ ही जोडमुद्रा रूढ झाली. रचणारा आणि गाणारा, म्हणजे निर्माता आणि प्रसारक, या दोघांचाही उल्लेख एकाच मुद्रेत झाला. फॉरवर्डच्या संदर्भात हे उदाहरण विशेष मननीय आहे.

अर्थात नाममुद्रा हा निर्दोष उपाय होता असे नाही. विष्णुदास नामा या नंतरच्या काळातील कवीच्या रचना संत नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आणि त्यांची विभागणी करणे अभ्यासकांना कठीण गेले. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा इतरांनाही वापरता येत होती. परंतु मुद्रा होती म्हणूनच वाद घालता आला. कोणत्या नाम्याची ही रचना, हा प्रश्न विचारण्यासाठी आधी ‘नामा’ हे नाव मजकुरात असावे लागते. खोटे नावही तपासता येते. नावच नसेल तर तपासाला आरंभबिंदू उरत नाही.

प्रसाराने होणाऱ्या विकृतीची दखलही मराठी परंपरेने घेतली होती. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये लेखनिकांच्या हातून पाठभेद शिरले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, तिची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी स्वतःच्या ओव्या घालू नयेत असे बजावले. आपण काय केले आणि केव्हा केले, याची नोंदही त्यांनी ग्रंथाच्या अखेरीस ठेवली. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारच्या साहाय्याने तुकारामगाथेची इंदुप्रकाश प्रत १८६९ ते १८७३ या काळात प्रसिद्ध झाली. तीसाठी देहू, पंढरपूर, तळेगाव, कडूस येथील हस्तलिखितांचा उपयोग केला गेला आणि पाठभेद नोंदविले गेले. प्रत कोणत्या गावची, कोणत्या घराण्याकडची, हे सांगणे हा संपादनाचा पाया मानला गेला. पोथी शतकांनी हाती आली तरी तिचा प्रवास सांगता येत होता. काल रात्री आलेल्या फॉरवर्डचा प्रवास सांगता येत नाही.

४. कर्तृत्वलोपाचे प्रकार

व्हॉट्सॲपवरील मराठी मजकुरात कर्तृत्वाचा लोप मुख्यतः तीन प्रकारांनी होतो.

पहिला प्रकार गळतीचा. लेखकाने अखेरीस नाव लिहिलेले असते. कॉपी करणारा शेवटची ओळ सोडून देतो. त्यामागे बहुधा दुष्ट हेतू नसतो. ‘छान आहे म्हणून पाठवतोय’ ही भावना असते. नाव हा मजकुराचाच भाग आहे याचे भान नसते. पुढच्या वाचकाला प्रामाणिकपणे ‘लेखक अज्ञात’ असे लिहावेसे वाटते. वस्तुतः लेखक अज्ञात नसतो, तो विस्मृत केलेला असतो.

दुसरा प्रकार आरोपाचा. नावाविना आलेल्या मजकुराला वजन यावे म्हणून थोर नाव जोडले जाते. यात दुहेरी अन्याय आहे. खऱ्या लेखकाचे श्रेय जाते आणि थोर लेखकाच्या नावावर त्याने कधीही न लिहिलेली, पुष्कळदा सुमार, वाक्ये जमा होतात. ज्या विद्यार्थ्याने पु. ल. केवळ फॉरवर्डमधून वाचले, त्याच्या मनातील पु. ल. हा वेगळाच, उपदेशप्रिय आणि गहिवरलेला लेखक असतो. मूळ पु. लं.च्या विनोदातील तिरकसपणा त्याला भेटतच नाही.

तिसरा प्रकार बळकाविण्याचा. पाठविणारा आपलेच नाव खाली घालतो. हा प्रकार सर्वांत निंद्य असला तरी तो उघड होण्याचा संभव अधिक असतो, कारण तेथे दोन नावे समोरासमोर येतात.

यांवर उपाय म्हणून मराठी लेखकांनी आता मजकुराखाली ‘नावासहित पुढे पाठवावे’ अशी विनंती लिहिण्यास प्रारंभ केला आहे. ही विनंती म्हणजे नाममुद्रेचा आधुनिक, परंतु दुबळा अवतार होय. ती छंदात बांधलेली नाही, म्हणून नावासोबत तीही गळते. काहींनी शेवटच्या परिच्छेदातच स्वतःचा उल्लेख गुंफण्याचा मार्ग पत्करला आहे. शतकांपूर्वीच्या युक्तीकडे लेखकांना नकळत परतावे लागणे, यातच नव्या साधनाची उणीव दिसून येते.

कायद्याच्या दृष्टीने लेखकाची बाजू दुबळी नाही. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ नुसार आपण कृतीचे कर्ते आहोत असे सांगण्याचा आणि प्रतिष्ठेस बाध आणणाऱ्या विकृतीस प्रतिबंध करण्याचा विशेष अधिकार लेखकास आहे. कॉपीराइट दुसऱ्यास दिल्यानंतरही तो लेखकाकडेच राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाच्या संदर्भात याच कलमाचा आधार घेतला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये लेखकाच्या या अधिकाराची व्याप्ती स्पष्ट केली. मात्र तेथे प्रतिवादी निश्चित होता. फॉरवर्डच्या बाबतीत हजारो सद्भावी वाचक हेच प्रतिवादी असतात. आपल्या कवितेवर प्रेम करणाऱ्यांविरुद्ध कवयित्रीने दावा तरी कोणावर आणि कोठे दाखल करावा? अधिकार आहे, पण तो बजावण्याची जागा नाही, अशी ही स्थिती आहे.

५. लोकसाहित्याचा युक्तिवाद

फॉरवर्ड हे आधुनिक लोकसाहित्य आहे, म्हणून त्याला कर्ता नसणे स्वाभाविक आहे, असा युक्तिवाद केला जातो. जात्यावरच्या ओव्या, कहाण्या, उखाणे यांना तरी कोठे लेखकाचे नाव असते, असा प्रश्न त्यात अनुस्यूत आहे. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी तपासून पाहावा लागेल.

ओवीचे अनामिकत्व हे सहनिर्मितीतून आलेले असते. दळणारी बाई ऐकलेल्या ओवीत स्वतःच्या भावाचे, गावाचे, दुःखाचे नाव घालते. ओवी तिची होते आणि तिची एकटीची राहत नाही. फॉरवर्डमध्ये अशी भर पडत नाही. तेथे कोणी एकाने एकांतात लिहिलेला संपूर्ण लेख असतो आणि वाचक केवळ तो पुढे ढकलतो.

दुसरे असे की, लोकसाहित्याच्या गंभीर अभ्यासाने अनामिकत्व कधीच अंतिम मानले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. या संकलनात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव यांची नोंद आहे. ‘लोकांची’ म्हणून समजली जाणारी ओवी कोणत्या गावातल्या कोणत्या बाईने गायिली, हे जपण्याचे कष्ट संकलकांनी घेतले, कारण त्या नावामागे एक आयुष्य होते. जात्यावरच्या गाण्यालाही गाणारीचे नाव मिळू शकते, तर स्वतःचे नाव खाली लिहून धाडलेल्या लेखाचे नाव पुसून त्यास लोकसाहित्य म्हणणे समर्थनीय ठरत नाही.

६. सही आणि माग

मजकुरासोबत नाव जावे, या मागणीस लागूनच एक धोका उभा राहतो आणि त्याचा विचार टाळून चालणार नाही. शासनासही नाव हवे आहे. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांच्या नियम ४(२) मध्ये, पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशमाध्यमांनी न्यायालयाच्या वा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावरून संदेशाचा प्रथम प्रेषक ओळखता येईल अशी व्यवस्था करावी, असे म्हटले आहे. व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. एप्रिल २०१६ पासून या माध्यमावरील सर्व संदेश पाठविणारा व घेणारा यांच्याखेरीज कोणासही वाचता येऊ नयेत अशा रीतीने कूटबद्ध असतात. प्रथम प्रेषक शोधायचा तर ही गुप्तता मोडावी लागेल, अशी कंपनीची भूमिका होती.

या वादात ‘नाव’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वावरतो, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. लेखक स्वेच्छेने, अभिमानाने आपले नाव मजकुरास जोडतो, ती सही होय. दुसऱ्याने, लेखकाच्या इच्छेविरुद्ध, मजकुरावरून त्याच्यापर्यंत पोहोचणे, तो माग होय. नाममुद्रा ही सही होती. नियम ४(२) माग मागतो. सहीच्या अभावी कवयित्रीची हानी होते. माग उपलब्ध झाल्यास गावातील भ्रष्टाचाराविषयी लिहिणारा शिक्षक, जातीय अत्याचाराची माहिती देणारा तरुण, घरातील हिंसेविषयी बोलू पाहणारी स्त्री यांची हानी होऊ शकते. शिवाय प्रथम प्रेषक म्हणजे लेखक नव्हे. पुस्तकातील उतारा टंकून पाठविणारा हा त्या संदेशाचा प्रथम प्रेषक ठरेल, उताऱ्याचा कर्ता ठरणार नाही. तेव्हा माग काढण्याची सोय झाली तरी कर्तृत्वाचा प्रश्न सुटत नाही.

विद्यमान रचनेत मात्र उलटाच प्रकार दिसतो. ज्याला नाव द्यायचे आहे त्याचे नाव टिकत नाही आणि ज्याला ते राखून ठेवायचे आहे त्याच्या नावासाठी कायदा होतो. गुप्तता आणि कर्तृत्व ही परस्परविरोधी मूल्ये आहेत असे यावरून भासते; पण तसे नाही. सही ऐच्छिक असेल तर तिच्यामुळे कोणाचीही गुप्तता भंग पावत नाही.

७. चॅनेल : नव्या सुविधेचे योगदान व मर्यादा

या पार्श्वभूमीवर २०२३ मध्ये आलेल्या चॅनेल या सुविधेकडे पाहावे लागते. जून २०२३ मध्ये तिची घोषणा झाली आणि १३ सप्टेंबर २०२३ रोजी ती भारतासह दीडशेहून अधिक देशांत विस्तारली. चॅनेल म्हणजे एकमार्गी प्रसारणाची जागा. चालविणारा लिहितो, अनुयायी वाचतात. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तिचे महत्त्वाचे वैशिष्ट्य असे की, चॅनेलवरील मजकूर फॉरवर्ड केल्यास त्यासोबत मूळ चॅनेलकडे नेणारा दुवा जातो. चॅनेल चालविणाऱ्याचा भ्रमणध्वनी क्रमांक मात्र अनुयायांना दिसत नाही.

म्हणजे मजकुरासोबत उगमाची खूण धाडणे आणि तरीही व्यक्तीचा खासगी तपशील झाकून ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत, हे खुद्द कंपनीनेच सिद्ध केले. ट्विटरनेही नोव्हेंबर २००९ मध्ये ‘रीट्वीट’ची अधिकृत सुविधा आणताना मूळ लिहिणाऱ्याचे नाव कायम ठेवले होते. तेव्हा सामान्य संदेशांच्या बाबतीत कर्तृत्व न जपणे ही तंत्राची अपरिहार्यता नसून ती एक निवड आहे, असे म्हणावे लागेल. खासगी संदेशाचा उगम आपोआप उघड होऊ नये ही निवड योग्यच आहे. परंतु इच्छा असूनही सही जोडता येऊ नये, याचे समर्थन त्यातून होत नाही.

चॅनेलच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा अशी की, दुवा चॅनेलचा असतो, लेखकाचा नसतो. दुसऱ्याची कविता नावाविना आपल्या चॅनेलवर टाकणारा चॅनेलधारक या व्यवस्थेत उगम म्हणून मिरवतो; जुन्या गळतीला नवी प्रतिष्ठा प्राप्त होते. दुसरी मर्यादा सामाजिक आहे. चॅनेल चालविण्यासाठी सातत्य, अनुयायी आणि प्रसिद्धीचे बळ लागते. वृत्तपत्रे, राजकीय पक्ष, चित्रपट कलावंत यांच्यापाशी ते असते. वर्षातून चार कविता लिहिणाऱ्या शिक्षिकेपाशी नसते. तिसरी मर्यादा कालाची. सुविधा आली तेव्हा चॅनेलवरील मजकूर तीस दिवसांपर्यंतच साठविला जाईल असे कंपनीने सांगितले होते. दुवा धरून महिन्यानंतर मागे जाणाऱ्याच्या हाती मूळ पाठ लागेलच असे नाही. देहूची वही शतकांनंतर संपादकांच्या उपयोगी पडली. येथे पाठ एका महिन्याचा धनी. चौथी मर्यादा पूर्वोक्तच आहे. कॉपी करून चिकटविल्यास दुवा गळतो.

चॅनेलचा दुवा मजकुराच्या बाहेर लटकतो, नाममुद्रा मजकुराच्या आत नांदत होती. हा फरक निर्णायक आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

एक, फॉरवर्डवरील खुणा आणि मर्यादा यांनी प्रसाराचा वेग कमी केला, हे त्यांचे श्रेय मान्य करावे लागेल. तथापि त्या मजकुराचा प्रवास मोजतात, उगम सांगत नाहीत. त्यामुळे आवडीने पसरलेले साहित्य आणि भीतीने पसरलेली अफवा यांना त्या एकाच मापाने मोजतात.

दोन, सही आणि माग यांतील भेद स्पष्ट केल्याखेरीज या विषयाची चर्चा पुढे जाणार नाही. लेखकास स्वेच्छेने जोडता येईल आणि फॉरवर्ड होताना गळणार नाही, अशी सहीची सोय माध्यमाने सर्व वापरकर्त्यांस द्यावयास हवी. ती ऐच्छिकच असावी.

तीन, चॅनेलच्या सुविधेने अशी सोय शक्य असल्याचे दाखविले. परंतु ती प्रसारकापुरती मर्यादित ठेवून कर्त्यास वगळले.

चार, कोणतेही तंत्र कॉपी करणाऱ्या बोटास रोखू शकत नाही. म्हणून शेवटी हा प्रश्न वाचनसंस्कृतीचा आहे आणि येथे महाविद्यालयांची जबाबदारी सुरू होते. पाठचिकित्सा हा विषय पदव्युत्तर वर्गात प्राचीन पोथ्यांपुरता शिकविला जातो. विद्यार्थ्याच्या खिशात असलेल्या मजकुरास तीच शिस्त लावता येईल. एखादा फॉरवर्ड घेऊन त्याचे उपलब्ध पाठ मिळविणे, त्यांतील भेद नोंदविणे, आरोपित लेखकाच्या ग्रंथांत तो शोधणे, त्यातील कालविसंगती दाखविणे आणि शक्य तर खऱ्या लेखकापर्यंत पोहोचणे, हा अंतर्गत मूल्यमापनासाठी उत्तम प्रकल्प ठरू शकेल. यातून विद्यार्थ्यास एकनाथांनी काय केले याचे मोल अधिक नेमकेपणाने कळेल.

अध्यापकांच्या गटांवरही रोज सकाळी नावाविना कविता येतात आणि त्या वर्गांच्या गटांवर पुढे जातात. ज्याने विद्यार्थ्यास संदर्भ देण्याचे महत्त्व शिकवावयाचे, त्याच्याच हातून नाव गळत असेल, तर शिकविण्याला अर्थ उरत नाही. पुढे पाठविण्यापूर्वी मजकुराच्या अखेरीस कोणाचे नाव आहे हे पाहणे, नसेल तर विचारणे आणि उत्तर मिळाले नाही तर थोर नाव न चिकटविता तसे स्पष्ट लिहिणे, एवढे तरी प्रत्येकास करता येण्यासारखे आहे. ‘होनाजी बाळा’ या मुद्रेत गाणाऱ्यास रचणाऱ्याशेजारी स्थान मिळाले. मजकूर पसरविणाऱ्यासही मान असू शकतो. मात्र रचणाऱ्याचे नाव शाबूत ठेवले तरच.